अंगण हरवलेली अंगणवाडी

कापूस फुटू लागला की यवतमाळ जिल्ह्यातील खेड्यांचा दिवस सूर्याच्या आधी सुरू होतो. कळंब असो, राळेगाव असो की केळापूर. मजूर स्त्रिया भाकरी बांधून वेचणीला निघतात. मजुरी वेचलेल्या कापसाच्या वजनावर असल्याने दिवस मावळेपर्यंत हात थांबवून चालत नाही. अशा वेळी घरातील तीन-चार वर्षांच्या मुलाचे काय होते? एक तर ते आईबरोबर शेतात जाऊन धुऱ्यावरच्या झाडाखाली दिवस काढते. नाही तर आठ-दहा वर्षांची बहीण स्वतःची शाळा बुडवून त्याला सांभाळते. गावात अंगणवाडी नसते असे नाही. परंतु ती उघडते तेव्हा आई शेतात पोचलेली असते आणि ती बंद होते तेव्हा वेचणी अर्ध्यावरही आलेली नसते.

केंद्र आहे, आहार आहे, सेविकाही आहे. पण ज्या बालकासाठी हे सारे उभे केले त्याच्या दिनक्रमाचा विचार मागे राहिला आहे. बालशिक्षणाची चर्चा निघाली की ती बहुधा इमारत, रंगरंगोटी आणि खेळण्यांची खरेदी यांवर येऊन थांबते. वस्तुतः लहान मुलांचे शिकण्याचे ठिकाण टिकाऊ आणि आनंदाचे व्हावयाचे तर ते गावाच्या कामाच्या वेळा, घरची भाषा आणि परिसरातील वस्तू यांच्याशी जोडलेले असावे लागते. हा विचार महाराष्ट्राला नवा नाही.

बोर्डीचा धडा

‘अंगणवाडी’ हा शब्दच या विचारातून आलेला आहे. विवाहानंतर काही काळ शेजारच्या अमरावतीत राहिलेल्या ताराबाई मोडक पुढे भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात गेल्या आणि मॉन्टेसरी पद्धतीचा त्यांनी कसून अभ्यास केला. मारिया मॉन्टेसरी यांनी १९०७ साली आपले पहिले बालगृह रोममधील गरीब कामकऱ्यांच्या वस्तीत उघडले होते. भारतात मात्र ही पद्धती तिच्या महागड्या साधनांमुळे बव्हंशी शहरी सुखवस्तू घरांपुरती राहिली. तिला पुन्हा गरिबाच्या दारी नेण्याचे काम ताराबाईंनी १९४५ मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे हाती घेतले. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. दलित वस्तीतील मुले बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच त्या वस्तीच्या अंगणात भरविली. १९५७ साली हे काम कोसबादच्या टेकडीवर गेले. आदिवासी मुले गुरे राखावयास जातात म्हणून शाळेत येत नाहीत, असे आढळताच तेथे कुरणशाळा सुरू झाली. शिंपले, बिया, पाने, माती ही तेथील शैक्षणिक साधने होती.

पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी हे नाव मिळाले. नाव देशभर पोचले. मुलापाशी आपण जावयाचे ही वृत्ती त्या प्रमाणात पोचली नाही. योजनेतील सहा सेवांपैकी आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी यांची मोजदाद होते. पूर्वप्राथमिक शिक्षण हीदेखील त्यांतलीच एक सेवा. पण ते वजनकाट्यावर दिसत नाही, म्हणून नोंदवह्या भरून वेळ उरला तर होते. कुपोषणाशी झगडणाऱ्या भागात आहाराला अग्रक्रम हवाच, याबद्दल दुमत नाही. परंतु पोट भरलेल्या मुलाला दिवसभर नुसते बसवून ठेवणे हेही एक प्रकारचे उपोषणच होय.

भाषेचा उंबरठा

यवतमाळमध्ये हा प्रश्न अधिक बिकट होतो तो भाषेमुळे. झरी जामणी, मारेगाव, केळापूर, घाटंजी या भागांत कोलामांचे पोड आहेत. कोलामी आणि गोंडी या दोन्ही द्राविड कुळातील भाषा. पुसद, दिग्रसकडील तांड्यांवर बंजारा बोली चालते. एरवीच्या घरांतून वऱ्हाडी. अशा घरातून आलेल्या तीन वर्षांच्या मुलाच्या कानी एकदम पुस्तकी मराठी पडली, की ते गप्प होते. आणि गप्प मुलाला ‘मंद’ ठरविण्यास वेळ लागत नाही. त्याचे हे मौन बुद्धीचे नसून परकेपणाचे असते. पोडावरचीच सेविका किंवा मदतनीस असेल, पहिल्या गोष्टी घरच्या बोलीत सांगितल्या जातील आणि मराठी त्यांच्या सोबतीने येईल, तर हा उंबरठा मूल सहज ओलांडू शकेल. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षांचा काळ शिक्षणाचा पाया मानला आणि घरच्या भाषेचा आग्रह धरला. धोरणातील हे वाक्य पोडापर्यंत पोचविणे एवढेच बाकी आहे, आणि तेच अवघड आहे.

साधने दारातच

साधनांच्या बाबतीत जिल्हा दरिद्री नाही. चिंचोके, सीताफळाच्या बिया, सरकी, पळसाची पाने, बांबूच्या कांड्या यांतून मोजणे, लहानमोठे लावणे, रंग आणि स्पर्श ओळखणे हे सारे शिकविता येते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो; लाकडी बैल सजवून मुले घरोघर मिरवितात. भुलाबाईच्या दिवसांत डबा वाजवून आतला खाऊ ओळखण्याचा खेळ चालतो. कान आणि तर्क यांची याहून चांगली कसरत कोणत्या विकतच्या खेळण्यात आहे? पुरवठ्यातून आलेले प्लास्टिकचे खेळणे मोडले की कपाटावर जाते. गावच्या सुताराने केलेला बैल मोडला तर तोच सुतार तो दुरुस्त करतो. टिकाऊपणा म्हणतात तो हाच.

इमारतीचेही तसेच. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांकडे धावणाऱ्या या प्रदेशात पत्र्याच्या छपराखाली बसविलेली मुले शिकणार कशी? कवेलूचे छप्पर, कुडाची भिंत, पुढे ओटा आणि कडुनिंबाची सावली ही या मातीने अनुभवातून काढलेली रचना आहे. पक्के बांधकाम जरूर करावे. पण त्याला छाया, वारा आणि अंगण असावे.

दोन शंका

आईबापांना मुळी हे हवे आहे का, अशी शंका घेतली जाईल. तालुक्याच्या गावी ‘कॉन्व्हेंट’ निघाले आहे. तेथे चौथ्या वर्षी मूल इंग्रजी अक्षरे गिरविते, आणि पोटाला चिमटा घेऊन पालक त्याची फी भरतात. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. अंगणवाडीत काहीच शिकवीत नाहीत अशी त्यांची समजूत झाली असेल, तर ती खेळातून शिकलेले मूल दाखवूनच दूर होईल. व्याख्यानांनी होणार नाही.

दुसरी शंका खर्चाची. वेचणीच्या चार महिन्यांत केंद्र सायंकाळपर्यंत चालवावयाचे तर आणखी एक बाई लागेल. अंगणवाडीला पाळणाघर जोडण्याची तरतूद २०२२ च्या ‘पाळणा’ योजनेत आहे; कापूस पट्ट्याइतका तिचा हक्क दुसऱ्या कोणाचा असेल? मात्र हा वाढीव भार आजच्या सेविकेच्याच माथी मारणे अन्यायाचे होईल. तिला मिळते ते वेतन नव्हे, मानधन. ग्रॅच्युइटीचा तिचा हक्क २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावा लागला आणि २०२३ च्या डिसेंबरात राज्यभरच्या सेविकांना संपावर जावे लागले. जिच्या हाती गावाची मुले सोपवावयाची, तिच्याच घरची चूल अनिश्चित ठेवून कोणतेही बालशिक्षण टिकणार नाही.

ताराबाई आणि अनुताईंनी मूल का येत नाही हे आधी पाहिले आणि मग शाळेची जागा व वेळ बदलली. यवतमाळातील मूल का येत नाही, हे कापसाच्या कोणत्याही शेतात उभे राहिले की दिसते. ग्रामसभेने वेचणीपूर्वी केंद्राची वेळ ठरवावी, प्रशासनाने तेवढ्या काळापुरते जादा मनुष्यबळ द्यावे आणि पोडावर पोडाचीच बाई नेमावी. एवढे झाले तरी धुऱ्यावरचे मूल अंगणात येईल, आणि त्याला सांभाळणारी बहीण आपल्या वर्गात परत जाईल.