गिळलेल्या कणाची सुटका

1990 साली ‘जर्नल ऑफ कंट्रोल्ड रिलीज’ या शोधपत्रिकेत एक निबंध छापून आला. मलेरियावरचं प्रायमाक्विन आणि आवेवरचं मेट्रोनिडॅझोल नॅनोकणांतून कसं देता येईल, हा त्याचा विषय. लेखक विनोद लाभसेटवार आणि ए. के. डोर्ले, पत्ता नागपूर विद्यापीठाचा. अमेरिकेने नॅनोतंत्रज्ञानाचा राष्ट्रीय कार्यक्रम जाहीर केला 2000 मध्ये, आपलं ‘नॅनो मिशन’ 2007 चं. या क्षेत्रात पैसा आणि मिरवणं यायच्या आधीच नागपूर कामाला लागलं होतं, तेही इथल्या ओळखीच्या दुखण्यांवर.

लाभसेटवार पुढे अमेरिकेत गेले: मिशिगन, मग ओमाहा, मग क्लीव्हलँड क्लिनिकचा जैववैद्यकीय अभियांत्रिकी विभाग. जागा बदलल्या, पण प्रश्न तोच राहिला. औषध हवं तिथे पोचवायचं कसं आणि टिकवायचं कसं?

त्यांचं आवडतं साधन म्हणजे पीएलजीए. शस्त्रक्रियेत आपोआप विरघळणारे टाके घालतात, त्याच जातीचं हे बहुवारिक. शरीरात ते हळूहळू तुटतं, लॅक्टिक आणि ग्लायकोलिक आम्ल होतं आणि निघून जातं. पण खरी अडचण पेशीच्या आत आहे. पेशी कण गिळते खरी, मात्र तो आम्लाच्या पिशवीत अडकतो आणि आतलं औषध तिथेच नासू शकतं. 2002 मध्ये लाभसेटवारांच्या गटाने दाखवलं, की आम्लात या कणांच्या पृष्ठभागावरचा ऋण भार पालटून धन होतो आणि ते दहा मिनिटांत पिशवीबाहेर निसटतात.

सगळ्यांना हे पटलं नाही. 2009 मध्ये पर्ड्यू विद्यापीठातल्या संशोधकांनी शंका काढली: पेशीत चमकताना दिसतो तो कण, की त्यातून झिरपलेला नुसता रंग? मला ही शंका रास्त वाटते. कणाचा माग रंगावरून काढायचा, तर रंग कणातच आहे याची खात्री आधी हवी.

त्याच वर्षी लाभसेटवारांच्या प्रयोगशाळेतून पक्षाघातावरचा प्रयोग प्रसिद्ध झाला. अडलेला रक्तप्रवाह मेंदूत परतताना घातक ऑक्सिजन-रेणू तयार होतात. त्यांना निष्प्रभ करणारं सुपरऑक्साइड डिसम्युटेज हे विकर नुसतं टोचलं तर रक्तात फार टिकत नाही. पीएलजीएच्या कणांत भरून दिल्यावर मात्र मेंदूची हानी घटली. अर्थात उंदरांच्या, माणसांच्या नव्हे.