साथीचे गणित आणि पाव रोगी

१८४६ साली फेरो बेटांवर गोवराची साथ आली. स्कॉटलंडच्या उत्तरेला समुद्रात असलेल्या या बेटांची वस्ती ७,७८२. त्यांपैकी सुमारे ६,००० लोक काही महिन्यांतच आजारी पडले. पीटर पानुम या तरुण डॅनिश डॉक्टरने नोंदी घेतल्या तेव्हा असे आढळले, की ज्या वृद्धांना १७८१ च्या साथीत गोवर आला होता, त्यांपैकी एकालाही तो पुन्हा झाला नाही. मधली ६५ वर्षे बेटांवर हा रोग नव्हताच. लंडनमध्ये मात्र त्याचा कायमचा मुक्काम असे. हे कसे?

साथीचे साधे गणिती प्रतिमान फळ्यावर मांडता येते. लोकांचे तीन गट करायचे : लागण होऊ शकणारे, रोगी आणि बरे झालेले. नवी लागण पहिल्या दोन गटांच्या गुणाकाराच्या प्रमाणात होते असे धरायचे. (१९२७ साली केरमॅक व मॅकेंड्रिक यांनी असे प्रतिमान मुंबईच्या १९०५-०६ मधील प्लेगच्या आकड्यांना लावून दाखवले होते.) पण या समीकरणांत एक गोम आहे. साथ ओसरताना त्यांच्यात रोग्यांची संख्या ०.२५ सुद्धा होते, आणि या पाव रोग्यातून पुढची साथ उभी राहते! खरा रोगी एक तरी असतो, नाहीतर शून्य. शून्याला कशानेही गुणले तरी शून्यच.

आता थोडा हिशेब करू. दर हजारी २० जन्म धरले, तर १०,००० वस्तीच्या गावात वर्षाला २०० मुले जन्मतात. लस नसताना जवळजवळ प्रत्येकाला कधी ना कधी गोवर येणारच. म्हणजे वर्षाला सरासरी २०० रोगी. एकाकडून दुसऱ्याकडे जायला रोगाला सुमारे दोन आठवडे लागतात. तेव्हा पंधरवड्याला रोगी फक्त आठ. साथीनंतरच्या ओहोटीत हे आठ सहज शून्यावर येतात. तीन लाखांच्या शहरात हाच आकडा २३० भरतो. इंग्लंडमधील शहरांच्या नोंदींवरून बार्टलेट यांनी १९५७ साली रोग टिकण्याची मर्यादा काढली, ती अडीच ते तीन लाखांच्या घरात आली.

मग लहान गावांत साथ परत येते ती बाहेरूनच. म्हणून प्रत्येक गावाचे समीकरण वेगळे लिहून ती येण्याजाण्याने जोडावी लागतात. ही ये-जा दोन्ही वस्त्यांच्या गुणाकाराबरोबर वाढते व अंतराबरोबर घटते असे मानतात. याला गुरुत्व प्रतिमान म्हणतात. न्यूटनशी नाते दिसण्यापुरतेच. अंतराचा घातांक आकडेवारीतूनच शोधावा लागतो. इंग्लंड-वेल्सच्या साप्ताहिक नोंदी तपासून ग्रेनफेल व सहकाऱ्यांनी २००१ साली दाखवले, की गोवराच्या लाटा लंडनसारख्या मोठ्या शहरांतून निघून भोवतालच्या लहान गावांत पोहोचत.

१९६८ साली ब्रिटनमध्ये लसीकरण सुरू झाले. त्यापूर्वी बहुतेक शहरांत साथ साधारण एक वर्षाआड, बरोबरीने येई. लसीनंतर रोगी पुष्कळ घटले, पण हा ताल मोडला. एका शहरात रोग विझे तेव्हा दुसऱ्यात तो धुमसत असे, आणि तिथून आलेले एखादे आजारी मूल पहिल्या शहरातल्या शून्याचे पुन्हा एक करून टाकी.