फोन घेताना आधी बघा, कुलूप कोणाचं आणि चावी कोणाकडे!



बंदीचे दिवस सरत आले. १ ऑगस्टला बोटी सुटतील. जाळी शिवून झाली, इंजिनं उघडून झाली, बर्फाची आणि डिझेलची बोलणी चालू आहेत. याच दिवसांत आपल्याकडे नवीन फोनही घेतले जातात. म्हणून आज जरा फोनविषयी.

गेल्या सीझनची गोष्ट. आपले एक जुने तांडेल, नाव सांगत नाही. त्यांचा मुलगा जहाजावर कामाला. चतुर्थीला घरी येताना त्याने अमेरिकेतल्या एका बंदरावरच्या दुकानातून बापासाठी महागाचा फोन स्वस्तात आणला. इथे आपलं सिम घातलं तर पडद्यावर आलं, 'सिम नॉट सपोर्टेड'. दुसऱ्या कंपनीचं घातलं, तेच. मग बाजारातल्या एकाने अडीच हजार घेऊन सिमखाली एक पातळ चिप घातली, फोन चालू झाला. तीन आठवडे बरा चालला. एका रात्री घरच्या वायफायवर त्याचा अपडेट झाला आणि पहाटे न बघताच काका बोट घेऊन गेले. दुपारी गिअर बॉक्स गेला. किनाऱ्यावरचे माड दिसत होते, पण फोनला सिग्नल नाही. शेवटी एका खलाशाच्या बटणवाल्या फोनवरून जेटीवर निरोप आला आणि दुसरी बोट त्यांना ओढून घेऊन आली. वारा पडलेला होता म्हणून निभावलं.

फोन खराब नव्हता. त्याला कुलूप होतं.

हे कुलूप म्हणजे काय?

परदेशात मोबाईल कंपन्या फोन स्वस्तात किंवा हप्त्याने देतात आणि पैसे वसूल होईपर्यंत तो फक्त आपल्याच सिमवर चालेल अशी सोय करून ठेवतात. प्रत्येक फोनला १५ आकड्यांचा आयएमईआय नंबर असतो. त्या नंबरावर कुलूप लागलंय की निघालंय, याची नोंद कंपनीकडे असते. म्हणून फोन रिसेट मारून कुलूप जात नाही. आणि ती चिप म्हणजे फोनला फसवणं. एका अपडेटमध्ये ते उघडं पडतं.

आपल्याकडेही हे नवीन नाही. २००३ साली रिलायन्सने ५०१ रुपयांत फोन हातात दिला, ते जुन्या मंडळींना आठवत असेल. त्या फोनात सिमच नव्हतं, नंबर आतच भरलेला. कंपनी बदलायची तर फोन ठेवून द्यायचा. २०१७ चा जिओफोन आणि २०२३ चा ९९९ रुपयांचा जिओभारत हेही जिओच्याच सिमवर चालणारे. स्वस्त आहेत, ज्याला तेवढंच पुरतं त्याने खुशाल घ्यावेत. फक्त माहीत असून घ्यावेत. बाकी दुकानात मिळणारे नेहमीचे फोन आपल्या देशात बहुतेक मोकळेच असतात.

आपल्याला याचं महत्त्व जास्त का? शहरात एका कंपनीची रेंज गेली तर माणूस दोन पावलं पुढे जातो. आपण कुठे जाणार? एका खाडीच्या तोंडाला एका कंपनीची रेंज, पुढच्या डोंगराआड दुसरीची. म्हणून दोन कंपन्यांची दोन सिम ठेवायची आपली सवय. कुलूपवाल्या फोनात ते जमत नाही. नंबर पोर्ट करूनही उपयोग नाही. २०११ पासून देशभर नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते, पण पोर्ट होतो तो नंबर. फोनचं कुलूप तसंच राहतं.

घरचं कोणी जहाजावर किंवा परदेशात असेल तर

त्याला आजच कळवा, की फोन 'अनलॉक्ड' आहे का विचारूनच घे. कॅनडात डिसेंबर २०१७ पासून आणि ब्रिटनमध्ये डिसेंबर २०२१ पासून कंपन्यांना कुलूप लावून फोन विकायला बंदी आहे. जपाननेही २०२१ मध्ये बंद केलं. अमेरिकेत अजून चालतं. तिथे २०१४ च्या कायद्याने मालकाला आपला फोन उघडून घेता येतो, पण कंपनीच्या अटी असतात. पूर्ण पैसे भरलेले हवेत आणि फोन त्यांच्या सिमवर ठराविक काळ वापरलेला हवा. स्वस्त प्रीपेड फोनला हा काळ काही ठिकाणी सहा महिने, काही ठिकाणी वर्षभर. जहाजावरचा मुलगा दोन दिवस बंदराला लागतो, त्याला हे कसं जमणार?

पैसे देण्याआधी एवढं करा

१. दोन वेगळ्या कंपन्यांची सिम घालून फोन लावून बघा. जुना फोन घेताना तर नक्कीच.
२. आयफोन असेल तर सेटिंग्ज, जनरल, अबाउट उघडा. 'कॅरिअर लॉक'समोर 'नो सिम रिस्ट्रिक्शन्स' दिसलं म्हणजे मोकळा.
३. *#०६# दाबा, आयएमईआय दिसेल. खोक्यावरचा आणि बिलावरचा नंबर तोच हवा. इंग्रजीत केवायएम लिहून जागा सोडून तो नंबर १४४२२ वर एसएमएस करा, फोनची माहिती येते. चोरीचा असेल तर तिथेच कळेल.
४. कुलूप निघालं तरच घेणार, असं स्पष्ट सांगा. 'नंतर करून देतो' यावर पैसे सोडू नका.

हप्त्याच्या फोनाचं दुसरं कुलूप

हे मोबाईल कंपनीचं नव्हे, कर्ज देणाऱ्याचं. काही फोनात असं अ‍ॅप टाकलेलं असतं की हप्ता चुकला तर फोनच बंद पडतो. आपल्याला जून-जुलैत कमाई नाही, हे दुकानदाराला माहीत नसतं. सही करण्याआधी विचारा, हप्ता चुकला तर काय होतं? ते कागदावर कुठे लिहिलंय? जमल्यास हप्ते मे महिन्यापर्यंत संपतील असेच घ्या. शेवटचा हप्ता भरला की कर्ज फिटल्याचा दाखला घ्या आणि ते अ‍ॅप काढून घ्या.

फसवणूक झाली असं वाटलं तर बिल सांभाळा आणि ग्राहक हेल्पलाईन १९१५ वर तक्रार करा. कागद कळत नसतील तर सोसायटीत घेऊन या, बसून वाचू.

शेवटचं. फोन मोकळा असला तरी तो व्हीएचएफची जागा घेत नाही. सुटण्याआधी सेट चालतो का बघा, चॅनल १६ लावून बघा आणि कोस्ट गार्डचा १५५४ प्रत्येक खलाशाच्या फोनात घालून ठेवा.

ते काका आता साधा, दोन सिमचा फोन वापरतात. महागाचा कपाटात आहे. मुलगा पुढच्या वेळी उघडून आणणार म्हणतो.

सीझन सगळ्यांना भरभरून जावो.

आपला,
सचिव