पाठमोरी तोफ



जालना जिल्ह्यांतील पिंपळगांव रेणुकाई हें गांव मिरचीच्या बाजारासाठीं प्रसिद्ध आहे. बैलगाड्यांच्या दिवसांत तिकडचा शेतकरी साटी कुजली म्हणून सगळी गाडी मोडीत काढीत नसे. चाकें आणि आख धड असले कीं त्यांवर नवी साटी चढवून तो गाडी पुन्हा जुंपी. आज ज्या युद्धयंत्राविषयीं बोलावयाचें आहे, त्याच्या मुळाशीं हीच काटकसर आहे. मात्र येथें साटीच्या जागीं तोफ आली.

हें यंत्र पाहण्यास परदेशीं जावयास नको. अहमदनगरास, म्हणजे २०२४ पासूनच्या अहिल्यानगरास, १९९४ सालीं स्थापन झालेलें रणगाड्यांचें संग्रहालय आहे. तेथें ‘आर्चर’, म्हणजे धनुर्धारी, या नांवाची एक ब्रिटिश गाडी उभी आहे. पाहणारा प्रथम गोंधळतो, कारण तिची तोफ गाडीच्या पाठीकडे रोखलेली आहे.

असें कां, हें समजण्यासाठीं आधीं तोब्रुकला जाऊं. २० जून १९४२ रोजीं पहांटे शत्रूचा मुख्य घाव पडला तो आग्नेय बाजू राखणाऱ्या आपल्या दुसऱ्या मराठा पलटणीवर. आधीं विमानांतून बाँब, मग तोफांचा मारा आणि मागोमाग रणगाडे. दुसऱ्या दिवशीं तोब्रुक पडलें. खंदकांतला शिपाई कितीही चिवट असला तरी बंदुकीनें रणगाडा थांबत नाहीं. त्यासाठीं तोफ हवी. ती जवळ हवी, वेळेवर हवी आणि पुरेशी जबर हवी. या तीन गोष्टी एकत्र येणें कठीण. दोन पौंडी तोफ माणसांना ढकलतां येई, पण जाड पोलादापुढें तिचें कांहीं चालेना. सतरा पौंडी तोफ तें पोलाद फोडी, पण चाकांवरच्या त्या तोफेचें वजन सुमारें ३ टन! दोन-चार गोळे सुटले कीं ज्वाळेनें आणि धुरळ्यानें तिची जागा उघडी पडे, आणि ओढणारी मोटार येईपर्यंत ती तेथेंच अडकून राही.

जर्मनांनीं यावर १९४२ सालींच एक तोड काढली होती. चेकोस्लोव्हाकियांत घडलेला सुमारें १० टनांचा हलका रणगाडा आतां लढाईस अपुरा पडत होता. त्याचा फिरता बुरूज उतरवून त्यांनीं रशियनांकडून हस्तगत केलेली ७६.२ मिलिमीटर व्यासाची तोफ त्यावर बसविली. हीच ‘मार्डर ३’. ती आफ्रिकेच्या वाळवंटांतही उतरली. पण बुरुजाबरोबर गोलंदाजांच्या डोक्यावरचें छप्परही गेलें. बाजूंना पातळ पत्रा आणि वर उघडें आकाश. डोक्यावर गोळा फुटला तर त्याचे तुकडे सरळ आंत.

इंग्रजांनीं हात घातला तो ‘व्हॅलेंटाइन’ रणगाड्याला. मुळांत त्यावर दोन पौंडी तोफ होती. आतां सतरा पौंडी बसवावयाची. तिचाही व्यास, योगायोगानें, ७६.२ मिलिमीटरच, आणि नळी सव्वाचार मीटरच्या आसपास लांब. एवढें धूड त्या लहानशा अंगावर पुढें रोखलें तर गाडी नाकाडावर झुकावयाची. म्हणून तोफ उलटी फिरविली. येथेंही छप्पर उघडेंच. अशा ६५५ गाड्या झाल्या आणि १९४४ च्या ऑक्टोबरपासून त्या लढूं लागल्या.

नाइलाजाची ही मांडणी पुढें सोयीची ठरली. झुडपाच्या आडोशाला शत्रूकडे पाठ करून उभें राहावयाचें, गोळे झाडावयाचे आणि तोंड न वळवितां सरळ पुढें निघून जावयाचें. चाकांवरच्या तोफेला हें साधत नव्हतें.

हाल होत ते हांकणाऱ्याचे. गोळा सुटला कीं धक्क्यानें तोफेचा मागचा भाग थेट त्याच्या जागेपर्यंत येई. तरीही त्यानें जागेवरच बसून राहावयाचें, आणि शत्रूला ठावठिकाणा कळला असेल त्याच क्षणीं गाडी हलवावयाची. कागदावर हें साधें काम दिसतें. मला मात्र वाटतें, गाडींतल्या चौघांचा जीव त्याच्यावरच टांगलेला असे.

नगरला ही गाडी पाहाल तेव्हां तोफेच्या तोंडाशींच थांबूं नका. वळसा घालून दुसऱ्या टोकाला जा, आणि हांकणाऱ्याची जागा व तोफेचा मागचा भाग यांतलें अंतर नजरेनें मोजा.