संस्थेकडून मिळणारें मानधन व प्राप्तिकर

धर्मादाय संस्थेच्या हातून आलेला पैसा करमुक्तच असतो, असा आमच्या कांहीं वाचकांचा समज दिसतो. हा समज चुकीचा असून नुकसानकारकहि आहे.

देशी वाण जतन करणाऱ्या एखाद्या मंडळाची स्वतंत्र नोंदणी नसली, म्हणजे त्याचा निधि दुसरी नोंदलेली संस्था सांभाळते. आणि व्याख्यान, लेखन वा मार्गदर्शन करणाऱ्या शेतकऱ्यास मोबदला तीच देते. कराची सूट आहे ती त्या संस्थेच्या उत्पन्नास. मोबदला घेणाऱ्यास ती लागू होत नाहीं. शिवाय हा पैसा जमीन कसून आलेला नसल्यामुळें तें शेतीचें उत्पन्नहि ठरत नाहीं.

समजा, वर्षाचा व्यावसायिक मोबदला ६०,००० रुपये झाला. तो ५०,००० रुपयांवर गेल्यामुळें संस्था शेंकडा १० प्रमाणें ६,००० रुपये कापून ५४,००० रुपये देईल. पॅन न दिल्यास कपात शेंकडा २० होते. मात्र ही कपात म्हणजे अखेरचा कर नव्हे. एकूण उत्पन्नावर कर बसत नसेल, तर विवरणपत्र भरून ते ६,००० रुपये परत मिळतात. न भरल्यास पदरचे गेले. याउलट, इतर उत्पन्न करमुक्त मर्यादेबाहेर व शेतीचें निव्वळ उत्पन्न ५,००० रुपयांहून अधिक असेल, तर शेतीवर कर नसला तरी कराचा दर ठरवितांना तें हिशेबांत धरतात.

म्हणून आमची सूचना अशी कीं, प्रवासखर्चाच्या पावत्या मोबदल्याहून निराळ्या ठेवाव्या, कपातीचा दाखला मागून घ्यावा, आणि ही रक्कम शेतीच्या जमाखर्चांत मिसळूं नये.