‘मराठी’चे १५ बाइट

‘मराठी’ हा शब्द उच्चारताना तीन अक्षरांचा. युनिकोडच्या हिशेबात मात्र म, र, काना, ठ आणि दुसरी वेलांटी अशी ५ चिन्हे होतात. फाइलीला चिन्हे कळत नाहीत, फक्त बाइट कळतात. कोणत्या चिन्हाचे कोणते बाइट, हे ठरवणारा तक्ता म्हणजे एन्कोडिंग. जावा भाषेत १९९७च्या १.१ आवृत्तीपासून हे रूपांतर ‘रायटर’ कुळातला ‘आउटपुटस्ट्रीमरायटर’ हा वर्ग करतो.

त्याला यूटीएफ-८ सांगितले, तर १५ बाइट लिहिले जातात आणि शब्द शाबूत राहतो. लॅटिन-१ सांगितले, तर त्या तक्त्यात देवनागरीला जागाच नाही. फाइलीत ‘?????’ उरते, आणि तक्रारीचा एक शब्दही उमटत नाही. चुकीच्या एन्कोडिंगने वाचलेली फाइल पुन्हा नीट वाचता येते. असे लिहिलेले मात्र कायमचे जाते.

एन्कोडिंग सांगितलेच नाही, तर जुन्या आवृत्त्या त्या त्या संगणकाची सेटिंग पाहून ते ठरवत. २०२२च्या १८व्या आवृत्तीपासून यूटीएफ-८ गृहीत धरले जाते. जुन्या आवृत्त्या अजून वापरात आहेत. म्हणून मराठी मजकूर लिहिणाऱ्या प्रोग्रॅममध्ये एन्कोडिंगचे नाव स्पष्ट घालावे.