विश्लेषण : नको असलेले विचार मनातून हाकलू नका, असे मानसोपचारतज्ज्ञ का सांगतात?

बाळंतपणासाठी माहेरी आलेली लेक स्वयंपाकघरात जाणे टाळू लागते. विळी, सुरी नजरेआड ठेवायला सांगते. बाळाला न्हाऊ घालायची वेळ आली की आईला हाक मारते. त्याच्याबरोबर खोलीत एकटी थांबत नाही. घरच्यांना वाटते, हिला बाळाची माया लागलेली नाही. प्रत्यक्षात तिच्या मनात दिवसातून कितीदा तरी एकच चित्र उभे राहत असते, आपल्याच हातून बाळाला इजा होत असल्याचे. हे ती कुणालाही सांगत नाही, कारण सांगितले तर बाळ आपल्यापासून काढून घेतील, ही भीती. मानसोपचारतज्ज्ञांना ही कहाणी नवी नाही. ओसीडी या आजाराचे हे फारसे न बोलले जाणारे रूप आहे.

ओसीडी म्हणजे सतत हात धुणे नव्हे?

या आजाराला मराठीत ‘मंत्रचळ’ असा जुना शब्द आहे. तो उच्चारला की पुन:पुन्हा हात धुणारी किंवा दाराचे कुलूप दहादा ओढून पाहणारी व्यक्ती डोळ्यांसमोर येते. पण आजाराचे मूळ मनात घुसणाऱ्या विचारात असते. कृती त्या विचाराची अस्वस्थता घालवण्यासाठी होते. देवघरात हात जोडताच देवाबद्दल अश्लील शब्द मनात येणे, फलाटावर शेजारच्या माणसाला रुळांवर ढकलल्याचे दृश्य दिसणे, जवळच्या नात्यातील व्यक्तीबद्दल किंवा लहान मुलांबद्दल किळसवाणे लैंगिक विचार येणे, हे सारे यात मोडते. त्यावरचा उतारा अनेकदा मनातल्या मनातच चालतो. कुणी आकडे मोजते, कुणी वाईट विचारावर लगेच ‘चांगला’ विचार आणते, कुणी घडून गेलेला प्रसंग तासन् तास तपासत बसते. बाहेरून काहीच दिसत नाही, म्हणून आजार वर्षानुवर्षे लपून राहतो. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील प्रौढांमध्ये ओसीडीचे प्रमाण सुमारे ०.८ टक्के आहे, म्हणजे हजारात आठ.

असे विचार केवळ रुग्णांनाच येतात का?

नाही, आणि उपचारांचा सारा पाया यावरच उभा आहे. स्टॅनली रॅकमन आणि पद्मल डी सिल्वा यांनी १९७८ मध्ये आजारी नसलेल्या लोकांना विचारले, तेव्हा सुमारे ८० टक्क्यांनी असे विचार येत असल्याचे सांगितले. कोणता विचार रुग्णाचा आणि कोणता निरोगी माणसाचा, हे नुसत्या मजकुरावरून ओळखणे अनुभवी चिकित्सकांनाही सोपे गेले नाही. २०१४ मध्ये १३ देशांतील ७७७ विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. आधीच्या तीन महिन्यांत किमान एक तरी नकोसा विचार मनात घुसल्याचे त्यातील सुमारे ९४ टक्के विद्यार्थ्यांनी नोंदवले होते. कॅनडातील १०० नवमातांच्या अभ्यासात (२००८) जवळपास निम्म्या जणींना आपण जाणूनबुजून बाळाला इजा करू, असा नकोसा विचार कधी ना कधी आला होता. त्या काही वाईट आया नव्हत्या.

मग आजार सुरू होतो कुठे?

विचाराला अर्थ चिकटतो तिथे. बहुतेकांच्या मनात असे काही आले तर ते ‘काहीतरीच’ म्हणून पुढे जातात. ओसीडीच्या रुग्णाला मात्र वाटते, ‘असे मनात आले म्हणजे मी तसाच आहे’ किंवा ‘मनात आले म्हणजे ते घडणार’. विचार आणि कृती यांची अशी गल्लत झाली की प्रत्येक विचार गुन्ह्याइतका जड होतो. पॉल साल्कोव्हस्किस यांनी १९८५ मध्ये यातील फुगलेल्या जबाबदारीच्या जाणिवेकडे लक्ष वेधले. वाईट घडणे रोखण्याचा सगळा भार आपल्यावरच आहे, असे रुग्ण धरून चालतो. ‘वास्तू तथास्तु म्हणते, अभद्र बोलू नये’ हे ऐकत वाढलेल्या घरात ही गल्लत सहज पचते. त्याच घरात ‘मन चिंती ते वैरी न चिंती’ ही म्हणही असते. आपल्याच माणसांबद्दल मन शत्रूपेक्षाही भयंकर कल्पना करते, हे त्या म्हणीने कधीच मान्य करून टाकले आहे!

पुढची चूक म्हणजे विचार हाकलण्याची धडपड. डॅनियल वेग्नर यांच्या १९८७ मधील प्रयोगात पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, असे सांगितलेल्यांच्या मनात ते अस्वल वारंवार येत राहिले. विचार गेला की नाही हे पाहायला पुन्हा तोच विचार तपासावा लागतो. शिवाय माणूस ज्याला सर्वाधिक जपतो, नेमके त्याच्याबद्दलचे विचार त्याला सर्वाधिक हादरवतात. भाविकाला देवनिंदेचे विचार छळतात आणि आईला बाळाबद्दलचे, ते यामुळेच.

घरच्यांनी दिलेला धीर अपुरा का पडतो?

‘आई, मी बाळाला काही करणार नाही ना गं?’ ‘नाही गं बाई, असं कसं करशील तू?’ या उत्तराने अर्धा तास बरे वाटते, मग तोच प्रश्न पुन्हा. धीर हीसुद्धा कृतीच बनते, हात धुण्यासारखी. सुऱ्या लपवणे, बाळाला तिच्यापासून दूर ठेवणे यातून तर ‘धोका खरा आहे’ हाच निरोप तिला मिळतो. इंटरनेटवर रात्र-रात्र लक्षणे शोधणे हाही त्याचाच प्रकार. मात्र म्हणून एका दिवसात तोंड फिरवणे क्रूरपणाचे ठरते. उपचारक, रुग्ण आणि घरचे मिळून आधी ठरवतात आणि मग, ‘हा प्रश्न तुझा आजार विचारतोय, त्याला मी उत्तर देणार नाही, पण तुझ्याजवळ बसते,’ असे सांगितले जाते.

नामस्मरणाचा प्रश्न नाजूक आहे. उपचार श्रद्धेच्या विरोधात नाहीत. एरवी भक्तीने घेतलेले नाम आणि वाईट विचार पुसून टाकण्यासाठी ठरावीक वेळा, चुकले तर पहिल्यापासून घेतलेले नाम यांतला फरक रुग्णाला स्वत:लाच बहुधा ठाऊक असतो.

उपचारांत नेमके काय करतात?

व्हिक्टर मेयर यांनी १९६६ मध्ये लंडनमधील रुग्णांवर केलेल्या उपचारांतून ‘एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन’ ही पद्धत पुढे आली. भीतीला पायरीपायरीने सामोरे जायचे आणि नेहमीची कृती करायची नाही. वर उल्लेख केलेल्या आईसाठी पहिली पायरी तो विचार शब्दांत लिहिण्याची असू शकते. नंतर तो स्वत:च्या आवाजात मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून ऐकायचा. मग सुरी ओट्यावर ठेवून स्वयंपाकघरात बसायचे आणि शेवटी बाळ पाळण्यात असताना भाजी चिरायची. मनात जप नाही, कुणाला विचारणे नाही. घालमेल वाढते आणि बहुतेकदा हळूहळू ओसरते; न ओसरली तरी ती सोसता येते, हे कळते. ‘कधीच काही होणार नाही’ अशी हमी उपचारक देत नाही. तशी हमी जगात कुणालाच मिळत नाही, हे पचवणे हाच उपचाराचा कठीण भाग.

रोजच्या व्यवहारात विचार आला की ‘हा ओसीडीचा विचार’ एवढी नोंद घेऊन हातातले काम चालू ठेवायचे, कृतीची ओढ अनावर झाली तर ती निदान दहा मिनिटे पुढे ढकलायची. फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन यांसारख्या औषधांचाही उपयोग होतो. मात्र त्यांची मात्रा नैराश्यापेक्षा बहुधा जास्त लागते आणि परिणामासाठी ८ ते १२ आठवडे थांबावे लागते. तीन आठवड्यांत ‘गोळ्यांनी काही झाले नाही’ म्हणून औषध सोडणारे बरेच. स्तनपान सुरू असेल तर औषधाचा निर्णय डॉक्टरांनीच घ्यायचा.

तातडीने मदत कधी घ्यावी?

ओसीडीत विचार भयंकर वाटतो आणि व्यक्ती त्यापासून पळते. प्रसूतीनंतर, विशेषत: पहिल्या दोन आठवड्यांत, आईची झोप पूर्ण उडाली, ती गोंधळलेली वाटू लागली, तिला आवाज ऐकू येऊ लागले किंवा बाळाला इजा करणेच योग्य आहे अशी तिची खात्री झाली, तर तो वेगळा आजार असू शकतो. अशा वेळी बाळाला तिच्याजवळ एकटे न ठेवता तिला त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे. आत्महत्येचे विचार येत असतील तरीही थांबू नये. केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही १४४१६ क्रमांकाची मोफत सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चोवीस तास उपलब्ध आहे. ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे राज्याची प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत.

पहिल्या भेटीत हे विचार तोंडाने सांगणे अनेकांना जमत नाही. ते कागदावर लिहून दिले तरी चालतात. ओसीडीची तीव्रता मोजण्यासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या, १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘येल-ब्राऊन’ मापनश्रेणीसोबत लक्षणांची एक यादी असते. इतरांना इजा करण्याची भीती, हिंसक दृश्ये, देवनिंदा, निषिद्ध लैंगिक विचार, हे सारे त्या यादीत आधीच छापलेले आहे. डॉक्टर ती वाचत जातात आणि रुग्णाने फक्त मान हलवायची असते.